आनंदाबाईची मुंगी

मुंगी चावली, असं आनंदाबाईला आधी वाटलं. उजव्या हाताच्या पाठीवर, सुई खुपसून सिस्टरनं जिथं चिकटपट्टी लावली होती, तिच्या अगदी काठाशी. वर्ध्याच्या त्या दवाखान्यातल्या, फिनेलनं पुसलेल्या वरच्या मजल्यावर मुंगी यायची तरी कुठून; पण वाटलं खरं. तिनं मान न हलवता डोळे फिरवले. खांबाला बाटली लटकत होती आणि बाटलीतून नळीत, नळीतून तिच्यात, लाल औषध उतरत होतं. जत्रेत बर्फाच्या गोळ्यावर ओततात त्या सरबताचा नेमका रंग. पहिल्या खेपेला तो रंग पाहून ती सिस्टरला म्हणाली होती, "बाई, थोडा बर्फ तं टाका यात. एवढं महागाचं सरबत, गरम काऊन पाजता?" तेव्हा सगळी खोली हसली होती, सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेली शेजारच्या पलंगावरची बाईसुद्धा वळून हसली होती. आज हसवण्याजोगं काही तिच्या ओठांवर आलं नाही. मुंगी पुन्हा चावली, आणि या वेळी चावून सोडेना.

मुंगीचं आणि तिचं जुनं नातं होतं. लग्न होऊन पुलगावात आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात चुलीमागच्या गोवऱ्यांतून विंचू निघाला आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला डसला. नवी नवरी, आवाज चढवायचा नाही हे माहेरून शिकून आलेली. ती सासूजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, मले विंचू चावला." सासू म्हणाली, "बरं. एवढ्या भाकरी होऊ दे, मंग बसजो." तिनं भाकरी केल्या. पाय मांडीपर्यंत दगड झालेला, डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं, आणि रात्री जेवताना भाकरी खारट झाली असंसुद्धा कोणी म्हटलं नाही. पुढं पावसाळ्यात त्याच अंगठ्याला एक साधी काळी मुंगी चावली. काय झालं कोणास ठाऊक, पोटातून एक आरोळी उठली आणि ती ओरडली, "नाग! नाग!" अख्खी गल्ली काठ्या घेऊन धावली. अण्णाजी, तिचा नवरा, नुकताच मिलमधून आलेला, केसांत कापसाचे तंतू. त्यानं तिला आईच्या देखत दोन्ही हातांवर उचललं आणि डॉक्टरकडे पळाला. नाग काही सापडला नाही, पण शेजारच्या बंडूजीनं त्याला मोरीतून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. फणासुद्धा पाहिला. त्या दिवशी नवऱ्याच्या हातांवर हिंदकळत जाताना तिला एक गोष्ट उमगली. दुखणं जसंच्या तसं सांगितलं तर ते घरातल्या घरात विरून जातं. त्याला शेपूट लावावं, फणा काढावा, मग माणसं उठतात.

तेव्हापासून ती खोटं बोलायला लागली असं म्हणणं बरोबर नाही. ती फक्त जास्त वाढायची, पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं. देवळीच्या रस्त्यावर एक साप असा आडवा गेला, की एसटीची पुढची चाकं आली आणि मागची गेली तरी त्याचं आपलं चालूच. शेवटी कंडक्टरनं खाली उतरून त्याला अर्धं तिकीट फाडलं. अण्णाजी एकदा अंगणात शिंकला तर मिलचा भोंगा समजून दुसऱ्या पाळीची माणसं डबे घेऊन निघाली. गल्लीतल्या बाया पोट धरून हसायच्या आणि "आनंदाबाई, अजून एक" म्हणायच्या. अण्णाजी एकटाच हसायचा नाही, कारण त्याला ऐकूच यायचं नाही. मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्याचे कान विझले होते. ती बोलायची तेव्हा तो तिच्या ओठांकडे पाहायचा, आणि ओठ थांबले की मान हलवायचा. आत्तासुद्धा तो बाहेरच्या बाकावर बसला असेल, पिशवी मांडीवर घेऊन, समोरच्या भिंतीकडे पाहत. इथून हाक मारली तर अख्खा मजला गोळा होईल आणि त्यालाच ऐकू जाणार नाही.

मुंगी आता एकटी नव्हती. पट्टीखालून त्यांची रांग निघाली होती, मनगटाकडे, आणि प्रत्येकीच्या तोंडात निखाऱ्याचा कण.

इथला डॉक्टर, कोवळा मुलगा, मिशी अजून धड न भरलेली, त्यानं पहिल्या दिवशी सगळं समोर बसवून सांगितलं होतं. केस जातील, पुन्हा येतील. उलट्या होतील. तोंड येईल. लघवी लाल होईल, ते रक्त नव्हे, घाबरायचं नाही. काळजावर याचा भार पडतो, म्हणून प्रत्येक खेपेला काळजाची पट्टी, ईसीजी, काढूनच औषध सोडू. "आणि आणखी एक, मावशी. हे शिरेतच राहिलं पाहिजे. शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जाळतं. जरा जरी चरचरलं तरी तेव्हाच सांगायचं. लाजायचं नाही." तिची सून मंजुषा शेजारी उभी होती. गुणाची पोरगी, सासूचं ओकलेलं न कंटाळता काढणारी. ती हसून म्हणाली होती, "डॉक्टरसाहेब, आमच्या आई लाजत नाहीत. उलट तुमीच त्यांचं बोलनं चाळून घेत जा. त्या मुंगीचा हत्ती करतात." डॉक्टरही हसला. आनंदाबाईही हसली. आपलं कौतुकच झालं असं तिला वाटलं होतं. मग त्या कौतुकाला जागायला नको का? सिस्टरनं हातावर नुसतं स्पिरिट पुसलं तर ही ओरडली, "मेली वो, जळाली!" दुसऱ्या खेपेला म्हणाली, "नळीतून हत्ती चालून राह्यला, सिस्टर, सोंड अटकली पाहा." लघवी लाल झाली तर गल्लीत सांगितलं, की देवी प्रसन्न झाली, अंगातून कुंकू पाझरून राह्यलं. समोरच्या मंदाबाईनं खरंच हात जोडले. डोकं तर उलट्यांच्या भांड्यात असायचं, फोडणीच्या वासानं आतडी वर यायची, तोंडात फोडांमुळे पाणी तिखट लागायचं, पण दुपारी ओट्यावर बाया जमल्या की ती त्या सगळ्याला शेपूट लावायची, फणा काढायची, आणि ते दुखणं तिच्यापासून हातभर दूर जाऊन बायांमध्ये नाचायचं. नाचेना का. तेवढा वेळ ते तिच्या अंगात तर नसायचं.

फक्त एकदा तिनं नेम चुकवला होता. न्हाताना डाव्या बाजूला बोटाखाली काहीतरी घट्ट लागलं तेव्हा एवढ्या मोठ्या गोष्टीला फणा कशाला हवा, म्हणून तिनं ती होती तशी सांगितली. सांगितली ती अक्काला. अक्का म्हणजे अण्णाजीची थोरली बहीण अनुसयाबाई. सासू गेल्यावर घराची सासू तीच. "अक्का, इथं बोराच्या बीएवढं काईतरी हाय. दुखत नाई." अक्का तांदूळ निवडत होती. "दुखत नाई ना? मंग हात काऊन लावतं? बायकाईले होतच असते." विरलं ते तिथंच. मग तिनं तेच ओट्यावर नेलं. "माया अंगात बोराचं झाड उगून राह्यलं. हिवाळ्यात या सगळ्याजणी, बोरं खायले." बाया हसल्या. हिवाळा आला, गेला, आणि झाडाची मुळं काखेत उतरली. डॉक्टरांनी डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या आणि बजावलं, या डाव्या हाताला आता कधी सुई टोचायची नाही. तो हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. म्हणून सुईला राहिला हा एक उजवा. याच हातानं भाकरी थापायची, याच हातानं कुंकू लावायचं, आणि गोष्ट सांगताना हवेत सापही यानंच काढायचा.

आणि याच हातावर बांगड्या.

त्याचीही एक गोष्टच होती, आणि ती मात्र तिनं रचलेली नव्हती. केस गेल्यावर डोकं वांग्यासारखं तुळतुळीत झालं. एका सकाळी ती उघड्या डोक्यानं अंगण झाडत असताना कारंज्याहून तिची एक लांबची मावसबहीण आली. तिनं फाटकातून ते डोकं पाहिलं, आणि पुढचं काही न पाहता तिथंच बसकण मारून गळा काढला, "अवो अण्णाजी, असे कसे गेले वोऽऽ!" अण्णाजी ओट्यावर बशीतून चहा पीत होता. त्याला काही ऐकू आलं नाही. बाई रडताना दिसली म्हणून त्यानं मंजुषाला खूण केली, हिलेही चहा दे. गल्ली महिनाभर हसली. अक्का हसली नाही. भावाच्या नावानं कोणी गळा काढावा हे तिच्या काळजाला लागलं. तिनं कासाराला घरी बोलावलं आणि हिरव्याकंच बांगड्या भरायला लावल्या, मनगट दिसू नये एवढ्या, आणि कासार एक माप मोठं काढायला लागला तर म्हणाली, "लहान दे. घट्ट बसल्या पायजेत." सिस्टरनं आधीच्या खेपेला बांगड्या काढायला सांगितलं होतं, अक्कानं तिच्यापुढे हात जोडले होते, "बाई, डोक्याचं गेलं, छातीचं गेलं, आता हातचं तरी ठेवा." आज अक्का शहाणी होऊन आली होती. खोलीत शिरण्याआधीच जिन्यात तिनं सगळ्या बांगड्या कोपराकडे चढवल्या, वाजू नयेत म्हणून देवीच्या दोऱ्यानं आवळून बांधल्या, आणि वरून शाल पांघरली. सिस्टरला मनगटापुढचा हात तेवढा दिसला. शीर छान टरारून फुगलेली दिसली, सिस्टर खूशच झाली.

फुगणारच. वर आवळलेलं असलं की नदीसुद्धा काठावर चढते. ही गोष्ट आनंदाबाईच्या डोक्यात आत्ता लख्ख उतरली, मुंग्यांचा वणवा झाला तेव्हा. औषधाला वर जायला वाट नव्हती. ते तिथंच सांडत होतं. पट्टीखालची कातडी फुगून चकाकायला लागली होती.

"अक्का," ती म्हणाली. "जळून राह्यलं."

अक्का पलंगाशी स्टुलावर बसून माळ ओढत होती. "लाल औषध हाय ते. जळनच."

"तसं नाई. बाहेर सांडून राह्यलं. बांगड्या सोड."

"हळू बोल. आयकतीन ना त्या."

"आयकू दे! सिस्टर! अवो सिस्टर, जळून राह्यलं!"

सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या बाईच्या ओकारीचं भांडं धरून उभी होती. तिथूनच ती हसून म्हणाली, "आले हं, आनंदाबाई. आज काय? हत्ती की वाघ?" आणि खोली हसली. शेजारची, भिंतीकडे तोंड केलेली बाईसुद्धा वळून हसली. तीच हसणारी तोंडं, जी आनंदाबाईनं स्वतः एकेक करून कमावली होती.

त्या क्षणी तिच्यापुढे दोन आवाज उभे होते. एक नव्या नवरीचा, विंचू चावलेला, हळू. तो काढला तर अक्का म्हणणार, होतच असते. दुसरा नागाचा. तो काढला तर खोली टाळ्या वाजवणार. जन्मभर पोसलेले दोन्ही आवाज, आणि आज एकही कामाचा नाही. मंजुषा औषधाच्या दुकानात गेलेली. नवरा बहिरा. हात मात्र जळत होता, आणि हात तिचा होता. एकदम तिला राग आला. डॉक्टरचा नाही, सिस्टरचा नाही, अक्काचासुद्धा धड नाही. त्या खारट भाकरींचा. कोणीतरी येईल, ऐकेल, उचलून नेईल, म्हणून ती आयुष्यभर किती बोलली! तोंडाला फेस येईस्तोवर बोलली. आता बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं नाही; ठरवायला वेळ नव्हता. तिचा डावा हात उठला.

खांद्यापर्यंत आला आणि अडला. नळीवरची चाकी, सिस्टर जी बोटानं फिरवून धार कमीजास्त करायची, ती वर होती, डोक्याच्याही वर. काखेतला टाक्यांचा पट्टा दोरखंडासारखा ताणला. आनंदाबाईनं दात आवळले आणि हात आणखी उचलला. आत काहीतरी सरसरत सुटल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे हिरवे पिवळे काजवे आले, आणि बोटाला चाकी लागली. तिनं ती फिरवली. नळीतली धार थांबली. लाल रंग जिथल्या तिथं उभा राहिला.

"काय करतं व तू!" अक्का उठली.

सुई तिनं काढली नाही. शाल फेकली. दोरा दातांनी ओढला, तो सुटेना. अक्कानं गाठ नवसाची मारली होती. मग तिनं कोपराखालचा हात, सगळ्या बांगड्यांसकट, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटला. पहिल्या झटक्याला काही फुटल्या. अक्का किंचाळली, "आनंदा! माया भाऊ जिता हाय वं! जिता हाय!" तिनं पुन्हा आपटला. पुन्हा. हिरव्या काचा चादरीवर, फरशीवर, अक्काच्या पदरात उडाल्या. हातातून रक्ताचे दोन ओहोळ निघाले, आणि आवळलेला हात असा मोकळा झाला, की जणू इतका वेळ दुसऱ्याचाच होता. भांडं टाकून सिस्टर धावत आली. तिनं पट्टीखालची सुजलेली कातडी पाहिली, वर काचांमध्ये लोंबणारा दोरा पाहिला, आणि तिच्या तोंडाचा रंग गेला. "डॉक्टर!" ती ओरडली. या वेळी कोणी हसलं नाही.

मग पुष्कळ हात आले. डॉक्टर आला, त्यानं त्याच सुईतून जेवढं ओढता येईल तेवढं लाल पाणी परत ओढून घेतलं. "सुई तशीच ठेवलीत, चाकी बंद केलीत, फार बरं केलंत," तो म्हणाला. अक्का म्हणाली, "मिठाचा शेक आणू काय, गरम गरम?" आणि डॉक्टरच्या आधी आनंदाबाईच म्हणाली, "गरम नाई. बर्फ." डॉक्टरनं मान हलवली. कोणीतरी बर्फ आणायला पळालं.

त्याच वेळी दारात अण्णाजी उभा दिसला. मांडीवरची पिशवी छातीशी धरलेली. जन्मभर तिनं रचलेला एकही साप, एकही हत्ती त्याच्या कानात शिरला नव्हता. पण लोखंडावर फुटलेली काच त्या कानांच्या कुठल्या फटीतून आत गेली कोण जाणे. बांगड्या फुटण्याचा आवाज त्यानं ओळखला होता. तो काचांकडे पाहत होता, रक्ताकडे, बहिणीच्या रडक्या तोंडाकडे. मग त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं विचारलं, "काऊन वं? मी तं हाओ ना अजून?"

आनंदाबाईला हसू फुटलं. हात जळत होता, काख फाटली होती, आणि ती हसत होती. तिनं त्याला ओठ दिसतील अशी मान वळवली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमी हा. मीबी हाओ."

त्यानं मान हलवली. या वेळी ऐकून.

हाताच्या पाठीवर रुपयाएवढी जागा काळी पडली, सोलली, भरायला पुष्कळ दिवस लागले. करंगळी थोडी आखडली. डॉक्टर म्हणाला, थोडक्यात निभावलं. ओट्यावर बायांनी विचारलं तर तिनं झालं तसं सांगितलं, आणि मंदाबाई हसून लोळली. "नवरा जिता असून स्वतःच्या हातानं? आनंदाबाई, ही गोष्ट तं सापापरीस लांब झाली!" कंडक्टरनं तिकीट फाडलेला साप त्यांनी गिळला होता, हे गिळेना. आनंदाबाईच्या जिभेवर लगेच फणा आला. थोडा वाढवला असता तर पटलंही असतं. तिनं तो परत गिळून टाकला. तुमाले पटो का न पटो.

पुढच्या खेपेच्या सकाळी अक्का नव्या बांगड्या घेऊन आली, एक माप मोठ्या. तिनं पुडा पुढे केला. आनंदाबाईनं तो घेतला, उघडून पाहिला, छान होत्या, आणि फळीवर ठेवून दिला. "लाल सलाईन सरू दे. मंग भरजो तूच."

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे. माया हातचं हाय ते मी पायतो."

आणि ती निघाली. डोक्याला पदर नाही, हात कोपरापर्यंत उघडा, कारंज्याच्या बहिणीनं पाहिलं असतं तर रस्त्यातच गळा काढला असता. बाजूला अण्णाजी चालत होता. स्टँडवर ज्यांनी वळून पाहिलं त्यांना त्यानं तोंड भरून रामराम केला, जिवंत माणसानं करावा तसा.

दवाखान्यात सिस्टरनं आधी शाल काढायला लावली. कोपरापर्यंत बोटं फिरवून पाहिली, शीर बदलली, सुई घातली. पलंगाशी एका वाटीत बर्फ ठेवला होता. नळीत लाल रंग खाली येऊन थांबला, आणि चाकीवर बोट ठेवून सिस्टर तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई आधीच वळली होती. खोली हत्तीची वाट पाहत होती.

"जळतं का?" सिस्टरनं विचारलं.

"नाई," आनंदाबाई म्हणाली. "जळलं का सांगतो. मी मुंगी म्हणन. पण मी मुंगी म्हटलं का तुमी उठजा."

सिस्टरनं मान हलवली आणि चाकी सोडली.